ऑगस्टची फीत

मी वस्तरा बोलतोय. थांबा, लगेच गालावरून हात फिरवू नका. मी दाढीचा वस्तरा नव्हे. ते आमच्यातले हलके लोक. साबणाचा फेस आणि चार खुंट, संपला त्यांचा पराक्रम. मी मायक्रोटोमचा वस्तरा. मायक्रोटोम म्हणजे मांसाच्या कणाचे पातळ काप करणारं यंत्र. काप इतका पातळ, की शिंकलात तर गेला. चाक यंत्राचं, मूठ यंत्राची, नाव यंत्राचं. कापतो मात्र मी.

स्वभाव आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. मला दया येत नाही. ज्याला दया येते त्याच्या हातून काप जाड होतो.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथं एका कारखान्यात मला लालभडक तापवलं आणि तसंच तेलात बुडवलं. तेव्हा जो ओरडलो, तो पुढं कित्येक वर्षं ओरडलो नाही. मग निळ्या मखमलीच्या लाकडी पेटीत घालून मला मालगाडीनं सोलापूरला पाठवलं. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी उतरलो. साल एकोणीसशे सत्तर.

पहिलं वर्ष फुकट गेलं. प्राध्यापकमंडळी विद्वान, पण धार लावायचं म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. कुणी मला उलटा घासला, कुणी तेलाऐवजी पाण्यावर घासला. मी झुरळाचा पायसुद्धा धड कापीना. मग सिद्धाप्पा आला.

सिद्धाप्पा मंद्रूपचा. घर न्हाव्याचं. त्याचा बाप बाजाराच्या दिवशी लिंबाखाली पोतं अंथरून बसायचा आणि अख्ख्या गावाच्या हनुवट्या वर करायचा. सिद्धाप्पानं मात्र शपथ घेतली होती, की लोकांच्या नाकाला धरून म्हातारं व्हायचं नाही. चार बुकं शिकला आणि कॉलेजात हंगामी लॅब अटेंडंट म्हणून लागला. दर जूनला नवी ऑर्डर, दर मेमध्ये ऑफिसचे हेलपाटे.

पहिल्याच दिवशी त्यानं मला उचलून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अय्यो, ह्येला तर जित्ता मारलाय की!" तीन दिवस तो मला दगडावर घासत होता, मग चामड्याच्या पट्ट्यावर. चौथ्या दिवशी डोक्यावरचा एक केस उपटून त्यानं माझ्या धारेवर नुसता सोडला. केसाचे दोन तुकडे झाले. त्या दिवशी मी खरा जन्मलो. माझा बाप अंबाल्याचा कारखाना नव्हे, सिद्धाप्पा.

हे प्रेमानं म्हणतोय असं समजू नका. हिशोबाचं बोलतोय. धार ज्याची, त्याचा मी.

चौऱ्याहत्तर साली विभागात हिंदुराव सर आले. माळशिरसकडचे, उसाच्या घरातले. टेरिकॉटचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांना पीएच.डी. करायची होती. विषय काय, तर गोड्या पाण्यातल्या मरळ माशाच्या मेंदूखाली जी एक ग्रंथी असते, पिट्युटरी, तिच्यात ऋतूप्रमाणं काय काय बदल होतात. ग्रंथी केवढी? ज्वारीची कणी असते ना, भाकरीचं पीठ चाळल्यावर चाळणीत राहते ती, तेवढी. त्या कणीसाठी वर्षभर, दर महिन्याला चार मरळी. सगळ्या माद्या, सगळ्या जिवंत आणि सगळ्या एकाच तळ्यातल्या.

सरांना एक खोड होती. घरी वाड्यावर न्हावी यायचा, त्यामुळं स्वतःच्या हातानं दाढी करणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा कोल्हापूरला गाईडकडं जायची घाई होती, म्हणून ते सिद्धाप्पाला म्हणाले, "अरे, तुझ्या घरातलीच विद्या. जरा उरकून टाक." सिद्धाप्पानं त्या दिवशी एक वस्तरा मागून आणून काम उरकलं. मग त्यानं मंद्रूपहून बापाचा जुना वस्तरा आणला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, सर स्टुलावर बसायचे आणि मान मागं टाकायचे. मंद्रूप सुटलं, पण हनुवटी काही सुटली नाही. मी पेटीतून बघायचो आणि खदाखदा हसायचो.

सिद्धाप्पा का करायचा? सांगतो. सर म्हणाले होते, "माझी पीएच.डी. होऊ दे. मी विभागप्रमुख झालो की पहिली सही तुझ्या कायमच्या ऑर्डरवर." त्या एका वाक्यावर त्यानं तीन वर्षं सोमवार काढले.

मासे आणायची गोजाबाई, माद्याही तीच पारखून द्यायची. हिप्परग्याच्या तळ्यावरची भोईण, पन्नाशीची, पायात वहाण नाही, तोंडात मिसरी. महिन्याच्या मध्याला ती डोक्यावर घागर घेऊन यायची, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, कारण मरळ उडी मारते. सिद्धाप्पा तिला अक्का म्हणायचा. ती आली की तो पायरीवर तिला चहा द्यायचा आणि दोघं बोलत बसायची.

आता मारायचं कसं, तेही ऐका. कात्रीनं डोकं वेगळं करायचं. कवटी उघडायची, मेंदू उचलायचा आणि खालची कणी सुईनं काढून पिवळ्या औषधात टाकायची. सर घड्याळ लावून बसायचे, दोन मिनिटांच्या वर एक सेकंद नाही. तोवर बशीतलं ते डोकं तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. धडातलं काळीज धडधडत राहायचं. ते बघून पोरी बाहेर पळायच्या. मला मजा वाटायची. त्या पिवळ्या औषधानं सिद्धाप्पाची बोटं बारा महिने हळद लावल्यासारखी असत.

एकदा गोजाबाईनं ते पाहिलं. म्हणाली, "सोन्यासारकी मरळ, आन् घ्यायचं काय, तर कणी! आमी मारतो ते पोटासाठी. तुमी कशासाठी मारता, सायेब?"

"विज्ञानासाठी, बाई," सर म्हणाले.

"मग त्येला लई भूक हाय की," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

औषधातून काढलेली कणी मेणाच्या वडीत बसवायची, वडी यंत्राला लावायची आणि चाक फिरवायचं, की मी सुरू. काप एकाला एक चिकटून बाहेर येतात आणि त्यांची फीत होते, शेवईसारखी. सिद्धाप्पा ती ब्रशनं उचलून काचेवर मांडायचा. मे महिन्यात सोलापुरात मेण मऊ पडतं, कापायला घेतलं की लिबलिबतं. तेव्हा तो मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आधी यायचा, बर्फाच्या कारखान्यातून फडक्यात बर्फ आणायचा, वडीला लावायचा, मला लावायचा, मग कापायचा. सर दहाला यायचे आणि फीत बघून म्हणायचे, "छान जमली मला."

कणी कापताना मला जे कळे ते त्या सूक्ष्मदर्शकालाही नंतर कळे. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळची, म्हणजे जानेवारीची कणी लहान, कोरडी, पेशी थंडीत अंग चोरून बसलेल्या. होळीनंतर त्या फुगू लागल्या. जूनची कणी तर कणसात दूध भरावं तशी भरलेली. जुलैची त्याहून. मासा अंडी घालतो तेव्हा हा सगळा साठा रक्तात सुटतो आणि कणी आतून पोकळ होते. ती ऑगस्टची कणी. बाकीचे अकरा महिने म्हणजे लग्नातली वरात, नवरदेव ऑगस्ट. सर सगळ्यांना हेच सांगत फिरायचे.

ऑक्टोबर शहात्तरपासून दहा महिने झाले. जुलै सत्त्याहत्तरची पंधरा तारीख. गोजाबाईनं मासे दिले, घागर विसळली आणि म्हणाली, "येते सायेब. आता भादव्यात."

"भादव्यात कशाला? तुमचा श्रावण पंचवीस ऑगस्टला संपतो. सव्वीसला या. मी गेल्या वर्षीच बघून ठेवलंय."

गोजाबाईनं तोंडाला पदर लावला. सरांपुढं हसायला नको म्हणून. "गेल्या साली सायेब! औंदा दोन श्रावण हायत की. धोंड्याचा म्हैना श्रावणातच आलाय. पार सप्टेंबरात जाईल."

सरांचा चेहरा असा पडला, की मी आजही आठवून खूश होतो. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवरचं पंचांग बघायला विसरला. श्रावणात भोई जाळं टाकत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, त्याची सोयही त्यांनी लावली होती. पण या वर्षी श्रावण दोनदा येतोय, हे कॉलेजच्या दारातल्या पानवाल्यालाही माहीत होतं.

"अधिक महिना कोण पाळतं?" सर म्हणाले.

"आमी पाळतो. पंचांनी ठरवलंय, दोनी पाळायचे."

"एक दिवस, बाई. चारच मासे. माझं वर्ष जाईल."

"न्हाय सायेब. आता मरळीची पिल्लं असत्यात. पिल्लं राखनारा जीव धरला तर फुडल्या साली जाळ्यात काय येणार, शेवाळ?"

इतके दिवस सर तिला तुम्ही म्हणत होते. त्या दिवशी तू म्हणाले. तू अडाणी आहेस, तुला काय कळतं, असं बरंच. गोजाबाईनं ऐकून घेतलं. जाताना सिद्धाप्पाला म्हणाली, "चा ऱ्हाऊ दे आज."

बाजारातली मरळ चालत नव्हती, ती मेलेली असते आणि मेल्यावर कणी लगेच सडते. दुसरे भोईही श्रावण पाळत होते. ऑगस्ट सुरू झाला. सर सुईवर बसल्यासारखे वागायला लागले. दहा सप्टेंबरला कोल्हापूरहून गाईड ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या काचा बघायला येणार होते आणि चौदाला विभागप्रमुखाच्या जागेची मुलाखत होती. गाईडचं पत्र नाही तर जागा नाही.

मधे एकदा गोजाबाई शहरात भाजी घ्यायला आली आणि पायरीवर टेकली. राग तिच्या पोटात राहत नसे. सिद्धाप्पाला सांगत बसली, "जुन्या घाटाच्या कोपऱ्यात एक मरळ हाय बघ. ही तांबडी पिल्लं, परातीएवडा घोळका! त्येच्या खालनं त्यो हलत न्हाय. बेडूक आला की धावून जातो. मी रोज बगून येते. नातवंडं बगावी तशी."

सिद्धाप्पाही खुळा. दुपारी सरांना तेच कौतुकानं सांगून बसला. त्याच्या मनात काही नव्हतं. बोलायला तोंड उघडावं आणि दात पडावेत, तसं झालं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कुठला कोपरा म्हणालास?"

सिद्धाप्पाला उशिरा कळलं. "सर, त्यो राखणीचा जीव हाय. नगं. अक्कानं मला भाऊ म्हून सांगितलंय."

"सिद्धाप्पा," सर अगदी हळू म्हणाले, "तुझी कायमची ऑर्डर मीच काढणार आहे ना? मग माझं वर्ष वाचव. मंद्रूपला जाऊन पोतं अंथरायचं असेल तर तसं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आली. बादलीत मरळ, ओठाला गळाची जखम. सिद्धाप्पानं गळाला जिता बेडूक लावला होता. माशाला भूक नव्हती. बेडूक पिल्लांवर आला एवढंच त्यानं पाहिलं, आणि झेप घेतली. असं आयतं सावज मी तरी ऐकलं नव्हतं.

कात्री चालली. डोकं बशीत पडलं आणि तोंड उघडमीट करू लागलं. सरांनी कणी काढली, घड्याळ बघितलं, दीड मिनिट, खूश झाले. मग नेहमीप्रमाणं नोंदीसाठी पोट फाडलं. आत अंडाशय नव्हता. दोन पातळ पांढऱ्या पट्ट्या होत्या.

"नर!" सर ओरडले. "हा नर आहे!"

त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं, की पालक पिल्लांचं रक्षण करतात. कोणता पालक, हे पुस्तकात नव्हतं आणि सरांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना हवी होती मादी. त्यांनी ती काढलेली कणी, औषधाची बाटली, धड, सगळं मोरीत भिरकावलं. डोकं तेवढं बशीत राहिलं. सिद्धाप्पा त्याच्यापुढं उभा होता. ते तोंड मिटायचं थांबेपर्यंत तो हलला नाही.

मी हसलो. खरं तेच सांगतो, कारण पुढं मला हसायला मिळालं नाही.

त्याच दुपारी सर म्हणाले, "जूनची अर्धी वडी शिल्लक आहे ना? ती लाव. काचांवर ऑगस्ट लिही."

"सर, जूनची कणी भरलेली हाय. ऑगस्टची पोकळ पायजे."

"तू मला शिकवू नकोस."

सिद्धाप्पानं वडी लावली. चाकाच्या मुठीवर हात ठेवून तो बराच वेळ बसला. मग फिरवलं. मी कापलं. कापायचं म्हटल्यावर मी विचारत नाही. इतकी सुरेख फीत त्या वर्षात आली नव्हती, एक सुरकुती नाही, एक चीर नाही. सिद्धाप्पानं ती उचलली, काचेवर मांडली आणि पिवळ्या बोटांनी कोपऱ्यात लिहिलं, ऑगस्ट.

दहा सप्टेंबरला गाईड आले. म्हातारा माणूस, जाड चष्मा, आवाज चढवायची सवय नाही. त्यांनी दोन तास सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. जूनची शेवटची काच लावली, ऑगस्टची पहिली लावली. पुन्हा जूनची. पुन्हा ऑगस्टची.

"हिंदुराव, इकडे या. जूनच्या शेवटच्या कापात ही रक्तवाहिनी इथं दुभागते. ऑगस्टच्या पहिल्या कापात तीच वाहिनी, तिथूनच पुढं. दोन महिन्यांनी, दुसऱ्या माशात?"

 माझ्यासारख्या पातळ कापणाऱ्यानं सगळे काप ओळीनं दिले होते. माझ्या सफाईनंच चोरी पकडून दिली.

सरांनी घाम पुसला. "सर, काचांवर नावं हा घालतो. अटेंडंट. घोळ केला असेल."

गाईडनी सिद्धाप्पाकडं पाहिलं. सिद्धाप्पानं सरांकडं पाहिलं. तीन वर्षांचे सोमवार त्याच्या तोंडावर दिसत होते. आता आपण हे अंगावर घेतलं तर सर आपल्याला टाकणार नाहीत, असं त्या शहाण्याला वाटलं.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "माजंच चुकलं."

"असा माणूस प्रयोगशाळेत ठेवू नका," गाईड म्हणाले. सरांनी मान हलवली. लगेच हलवली, विचार करायला एक श्वाससुद्धा घेतला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी त्या दिवशी टेबलावर पडून पाहिली.

मग गाईड उठताना म्हणाले, "आणि ऑगस्टचं एवढं काय घेऊन बसलात? मासे मिळाले नाहीत, असं एक वाक्य लिहायचं. प्रबंध काही अडत नाही. उद्या पत्र देतो."

ऐकलंत? एक वाक्य. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात भागत होतं. पिल्लांचा बाप मरायला नको होता, फीत कापायला नको होती, सिद्धाप्पाचा बळी द्यायला नको होता. मी स्वतःला निर्दय समजत होतो. त्या दिवशी कळलं, मी नुसता धारदार होतो. निर्दय दुसरंच काहीतरी असतं, आणि ते टेरिकॉटचा शर्ट घालतं.

सिद्धाप्पाचा शेवटचा दिवस चौदा सप्टेंबर. आदल्या दिवशी श्रावणाची अमावस्या झाली होती. सकाळी सातला पायरीवर घागर टेकल्याचा आवाज आला. गोजाबाई बोलल्याप्रमाणं आली होती, चार मरळी घेऊन.

"भावा, चा कर," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "माजी घाटावरची मरळ कुणीतरी मुडद्यानं नेली रं. भर श्रावणात. दोन दिस पिल्लं तितंच फिरत व्हती. तिसऱ्या दिशी बगळं आलं."

सिद्धाप्पाच्या हातात स्टोव्हची पिन होती. ती त्यानं खाली ठेवली. "अक्का, मी नेली."

घागरीचं फडकं तिनं सोडलं होतं, ते हातात धरून ती वळली.

"सरांना मादी पायजे व्हती. त्यो नर निगाला."

"नर असनारच की!" गोजाबाई ओरडली. "आई अंडी घालून जाती. बापच राखतो. येवडं तर तळ्यावरचं शेंबडं पोर सांगंल. मला इचारायचं तरी व्हतंस रं. इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

तिनं घागरीवर फडकं पुन्हा बांधलं. चारही मरळी घेऊन ती पायऱ्या उतरली. सिद्धाप्पानं "अक्का" म्हणून हाक मारली, पण ती थांबली नाही. त्यानंतर त्या तळ्यावरचं कुणीही आमच्या पायरीला आलं नाही.

साडेआठला सर आले. मुलाखत अकराची. सरळ स्टुलावर बसले, शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि मान मागं टाकली. "उरकून टाक सिद्धाप्पा. शेवटचीच."

सिद्धाप्पानं पाणी घेतलं, फेस केला. बापाचा वस्तरा पट्ट्यावर चार वेळा ओढला. मी उघड्या पेटीतून बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या हलक्या वस्तऱ्याचा हेवा केला. गाल झाला. दुसरा गाल झाला. वस्तरा हनुवटीखाली उतरला.

सर डोळे मिटून बोलत होते. "मनाला लावून घेऊ नकोस. तुला काय, हातात धंदा आहे. उपाशी थोडाच मरणार?"

वस्तरा कंठावर थांबला.

काप, मी म्हणत होतो. सिद्धाप्पा, काप! एवढ्याशा कणीसाठी तू माझ्यापुढं किती माना मोडल्यास, ही एक माझ्यासाठी मोड! नाही म्हणू नको, तुझा हात मला ठाऊक आहे, एका ओढीचं काम आहे. सरांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. बशीतल्या त्या तोंडासारखं त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. त्यांना कशाचाही पत्ता नव्हता.

सिद्धाप्पानं श्वास सोडला आणि वस्तरा वर ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. मग ओला पंचा, मग तुरटी. सरांनी आरशात गळा वळवून वळवून पाहिला. लाल ठिपकासुद्धा नव्हता. "हात हलका आहे बाबा तुझा," म्हणत ते मुलाखतीला गेले.

सिद्धाप्पानं बापाचा वस्तरा पुसून घडी घालून खिशात ठेवला. मग त्यानं मला उचललं. दगड काढला, तेल काढलं आणि तासभर मला धार लावली. इतकी धार त्यानं मला कधी दिली नव्हती. डोक्यावरचा केस उपटून सोडला, आता डोक्यात पांढरेही होते. केसाचे दोन तुकडे झाले. मला वाटलं, निरोप घेतोय.

"आपलं दोघांचं येकच," तो मला म्हणाला. "फुडं ठिवलं ते कापलं. येकदा बी इचारलं न्हाय."

आणि मला उचलून त्यानं मोरीच्या काळ्या दगडावर आपटलं. एकदाच, बरोबर मधोमध. अंबाल्यानंतर मी पहिल्यांदा ओरडलो. त्यानं मला पुसलं, पेटीत नीट ठेवलं, झाकण लावलं आणि किल्ली खुंटीला अडकवून तो गेला.

आता एकोणऐंशी साल आहे. हिंदुराव सर विभागप्रमुख झाले, डॉक्टर झाले. प्रबंधाला मरून रंगाचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर आहे. पहिल्या पानावर आईवडिलांचे, पत्नीचे, गाईडचे, प्राचार्यांचे आभार आहेत. आत ऑगस्टसाठी एकच वाक्य आहे, या महिन्यात मासे उपलब्ध झाले नाहीत. एक झाला होता. त्याचं डोकं ज्या बशीत होतं त्यात आता टाचण्या असतात.

माझ्या धारेत मधोमध खड्डा आहे. काहीही कापायला लावा, प्रत्येक फितीत उभा चरा येतो. सरांनी दोघांना धार लावायला बसवून पाहिलं, खड्डा हटेना. नवा वस्तरा मागवला. आता नवा अटेंडंट माझ्यानं प्रयोगाचे बटाटे कापतो आणि टेबलावरचं सांडलेलं मेण खरवडतो. जो केस उभा चिरायचा, तो आता बटाटे चिरतो. हसा, मीही लोकांवर हसलो होतो.

सिद्धाप्पा मंद्रूपला असतो. शिपाई बाजाराला गेला होता, त्यानं सांगितलं, लिंबाखाली पोतं अंथरून बसतो, बोटं अजून पिवळीच आहेत आणि गिऱ्हाईक म्हणतं हात लई हलका हाय. मी ऐकत होतो. बटाट्याचं पाणी माझ्यावर वाळत होतं, आणि त्याचा गंज चढतो.

परवा सर म्हणत होते, की मला अंबाल्याला परत पाठवावं, तिथं मोठ्या चाकावर घासून खड्डा काढतात, म्हणजे मी पुन्हा कामाला येईन. तुमच्यापैकी कुणाची त्यांच्याशी ओळख असेल तर एवढं सांगा. मला पाठवू नका. बटाटे कापीन, मेण खरवडीन, गंजून मोडून जाईन. खड्डा तेवढा राहू द्या. सिद्धाप्पाच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच आहे.